पगाराची वाट

दिवाळी अंकाचा विषय बेरोजगारी ठेवला, तेव्हा सणासुदीला हे कशाला, असं काही हितचिंतकांनी विचारलं. कुणाच्या हाताला काम आहे आणि कुणाच्या नाही, हे बाजारपेठेला दिवाळीत जितकं कळतं तितकं एरवी कळत नाही, म्हणून.

१९८१च्या दिवाळीत मुंबईच्या गिरण्यांमध्ये बोनसवरून असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, गिरणीमालक आणि सरकार यांच्यातल्या संघर्षावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आम्हाला बोलायचं आहे ते कामगाराच्या पगाराविषयी. एकट्यानं राहणाऱ्या कामगाराचा पगार झाला की आधी खाणावळवालीचे पैसे चुकते व्हायचे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती दोन वेळा पंधरा-वीस माणसांचं रांधायची. त्या पैशांतून ती वाण्याची उधारी फेडायची. कामगाराच्या हातात उरलेल्यातली मनीऑर्डर रत्नागिरीला, साताऱ्याला जायची. तिच्यावर गावाकडच्या मुलाची फी आणि पेरणीचं बियाणं निघायचं. पगार थांबला, तशी ही सगळी साखळी थांबली. अशाच खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं; संपानं त्यांच्या चुलीवरच घाला घातला. गिरणीच्या कागदावर त्यांचं नाव कधीच नव्हतं, त्यामुळे बेकार झालेल्यांच्या मोजणीतही त्या आल्या नाहीत.

गावी परतलेला कामगार भावाच्या शेतात राबू लागला. शेत तेवढंच, पीक तेवढंच, खाणारं तोंड मात्र एक जास्त. अर्थशास्त्रात याला छुपी बेरोजगारी म्हणतात. आजच्या आकडेवारीतही ती छुपीच राहते. २०२३-२४च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के. पण घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणारी मुलगी या हिशेबात रोजगार असलेली धरली जाते. वर्षातून महिनाभर काम मिळालेला माणूसही त्यात रोजगार असलेलाच ठरू शकतो. सकाळी नाक्यावर थापी, घमेलं घेऊन उभा राहिलेला आणि अकरा वाजता रिकाम्या हातानं परतणारा मजूर ३.२ टक्क्यांत शोधू नये.

पगार थांबला की साखळी थांबते, याच्या उलट घडलेलंही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १९७२च्या दुष्काळात पिकं गेली, तेव्हा सरकारनं खडी फोडण्याची, नालाबांधाची, पाझर तलावांची कामं काढली. १९७३च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मजुराच्या हातात पैसा आला म्हणून व्यापाऱ्यानं दुष्काळी तालुक्यांत धान्य आणलं. पैसा नसता तर धान्य बाहेरच राहिलं असतं आणि माणसं उपाशी मेली असती. मजुरीनं माणसंही जगवली आणि बाजारही जगवला, हे आमच्या मते त्या दुष्काळातलं सर्वांत मोठा धडा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात ज्याचा प्रयोग केला होता, त्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० यांचं मूळ तिथं आहे. रोजगार असलेल्यानं बेरोजगाराच्या कामासाठी पैसे द्यायचे, हा विचार कायद्यात उतरवणाऱ्या त्या पिढीचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो.

नाक्यावरच्या मजुराला मात्र अशी हमी नाही. केरळनं २०१० मध्ये समाजसुधारक अय्यंकाळी यांच्या नावानं शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थाननं २०२२ मध्ये. ज्या महाराष्ट्रानं देशाला रोजगार हमीची वाट दाखवली, त्यानं आपल्या शहरांसाठी ही हमी आता द्यावी, अशी आमची मागणी आहे. तिचा खर्च किती, कामं कोणती, पैसा कुठून, याची चर्चा करणारे लेख पुढील पानांवर आहेत. ते वाचा, पटलं नाही तर कडाडून भांडा आणि आपल्या नगरसेवकालाही वाचायला द्या.