न लावलेला गंधार

आत्या गेल्यावर तिचा तंबोरा गवसणीसकट माझ्याकडे आला आणि वर्षभर कोपऱ्यात उभा राहिला. मग एकदा मनावर घेतलं. तारा नव्या घातल्या, सुरात लावला, पण तो बोलेना. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा कोरडा आवाज यायचा. शेवटी गोधडीत गुंडाळून, बर्थवर शेजारी निजवून त्याला मिरजेला घेऊन गेलो. तो मूळचा तिथलाच.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात एक वयस्कर कारागीर बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी तारा छेडल्या नाहीत, आधी भोपळ्यावर बोटाने टकटक केलं, मग घोडीवरून नख फिरवलं. "भोपळा चांगलाय. जवारी गेलीय," म्हणाले, आणि तंबोरा मांडीवर घेतला.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा वरवर पाहिला तर सपाट दिसतो. प्रत्यक्षात त्याला अगदी पुसट उतार असतो. कंप पावणारी तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यातून जो झंकार उठतो त्याचं नाव जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला की एका विशिष्ट जागी आवाज उघडतो. केसभर पुढे गेलात तर तो चिरका, केसभर मागे आलात तर मुका. वर्षानुवर्षं वाजून तारांनी घोडीवर चरे पाडले की दोराही काही करू शकत नाही. मग तारा सैल करायच्या, घोडी कानशीने घासायची, तारा पुन्हा चढवायच्या, पुन्हा सुरात आणायच्या आणि ऐकायचं. कुठे किती घासायचं याचं माप नसतं. कानाने ऐकायचं आणि हाताने घासायचं, एवढंच.

चाचांनी हे तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मला आवाज फार छान वाटला. घरच्यापेक्षा दसपटीने बरा होता. "बास, चाचा. झालं की," मी म्हटलं. ते तार सैल करतच म्हणाले, "तुम्हाला चालेल हो साहेब. ह्याला चालायला नको का?"

आणि पुन्हा कानस उचलली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. त्यावर त्रास नव्हता, घाई नव्हती, आपण काही थोर करतोय असा भावही नव्हता. आपलं काम चांगलं झालं की नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. वरिष्ठ सांगतात, गिऱ्हाईक सांगतं, वर्षाअखेरचा कागद सांगतो. गिऱ्हाईक समोर बसून बास म्हणत होतं, तरी चाचांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांचं काम त्यांच्याशी थेट बोलत होतं. कामातलं समाधान म्हणतात ते माझ्या मते इथेच असतं. घासलेल्या घोडीने खरं उत्तर द्यावं आणि ते उत्तर ऐकण्याइतका आपला कान तयार असावा.

हा कान आवडीतून आला, असंही नाही. मिरजेत वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले घडवायचे, त्यांना धार लावायची, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचं काम ओसरलं, तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांनी वाद्यांच्या कामात हात घातला, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. पोटासाठी बदललेला धंदा होता तो. प्रेम मागून आलं, आणि ते कानस चालवता चालवता आलं. 'आवडेल तेच काम कर' असं आपण मुलांना सारखं सांगतो, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते. आवड आधी कुठेतरी तयार सापडेल म्हणून ती वाट बघत राहतात. हातातल्या कामाला पुरेसा वेळ दिल्याशिवाय ते आवडेल की नाही हे कळतच नाही.

ज्यांना आवड आधी सापडली, त्यांची गोष्टही वाटते तेवढी झटपट नसते. चाचा ज्या उताराशी झटत होते त्याच उताराबद्दल सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं होतं. तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचे काही उपस्वर उमटायला नकोत, असा नियम तेव्हाच्या पदार्थविज्ञानात पक्का होता. तंबोऱ्यात आणि वीणेत ते ठणठणीत उमटतात. याचं कारण रामन यांनी घोडीच्या वक्र माथ्यात शोधलं. हेच रामन १९०७ पासून दहा वर्षं सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते, त्यातली बहुतेक वर्षं कोलकात्यात. तिथे कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर ते बोबाजार रस्त्यावरच्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करत. १९१७ साली मोठ्या पगाराची ती नोकरी सोडून ते कमी पगारावर विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी नोकरी सोडली हे सगळ्यांना आठवतं. मला त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सकाळी आणि संध्याकाळी जास्त मोलाच्या वाटतात.

आता पैशांचं. आत्याने पुण्यात दोन खोल्यांच्या घरात पस्तीस वर्षं गाणं शिकवलं. फी वाढवायचं नाव काढलं की एखादी आई हमखास म्हणायची, "तुम्हाला तर आवडच आहे ना याची!" आत्या गप्प बसायची. ते गप्प बसणं मी लहानपणी पाहिलंय आणि अजून विसरलेलो नाही. ज्याला काम आवडतं त्याला कमी दिलं तरी चालतं, ही आपल्या समाजाची फार वाईट खोड आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याच गल्लीतली तरुण पोरं कारखान्यांत नोकऱ्या धरतायत, कारण महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. त्यांना मी नावं ठेवणार नाही. चाचांनी जवारीचे जे पैसे सांगितले ते मी घासाघीस न करता दिले. खरं तर जास्त द्यायला हवे होते.

सहावी फेरी झाली. गिरणीतून पीठ पडावं तसा पांढरा भुगा चाचांच्या लुंगीवर साचला होता. सातव्यांदा त्यांनी तारा चढवल्या. पंचम, मग षड्जाची जोडी, शेवटी खर्ज. दोरा सरकवला, दोन बोटांनी आणखी किंचित मागे घेतला.

शिकवणीची पहिली पाच मिनिटं आत्या कोणाला गाऊ देत नसे. डोळे मिटून नुसता तंबोरा ऐकायचा. मग ती विचारी, "गंधार ऐकू आला?" गंधाराची तारच नसते तंबोऱ्यात. पण जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून तो आपोआप निघतो. मी आठ वर्षांचा होतो आणि खेळायला जायची घाई असायची, म्हणून दर वेळी हो म्हणायचो. मला तो कधीच ऐकू आला नव्हता.

चाचांनी खर्ज छेडला. आत त्यांचा पुतण्या एका सतारीला पॉलिश करत होता. इतका वेळ कापडाचा सर्र सर्र आवाज सारखा येत होता, तो थांबला. चाचांनी डोळे मिटले. गाडीला अर्धा तास उरला होता, आणि दुकानभर गंधार भरून राहिला होता.