काट्याविना मासा

रायगड जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. ‘तुमचं काय बाई, दाराशी मासळी!’ असं माझी नाशिकची मावसबहीण दर भेटीत म्हणते. तिला कसं सांगावं, की कर्जत-खालापूर रायगडात असले तरी आमच्या खिडकीतून समुद्र नव्हे, घाट दिसतो. इथली मासळी म्हणजे पनवेल-उरणकडून बर्फाखाली टोपलीतून येणारी, नाहीतर पहिल्या पावसात ओढ्यांतून उलटी वर चढणारी वलगणीची. पूर्वी तर सुके बोंबील, जवळा आणि सोडे यांच्यावरच भागवावं लागे, असं सासूबाई सांगतात.

या आमच्या सासूबाई माहेरच्या रेवदंड्याच्या. लग्न होऊन कर्जतला आल्या तेव्हा सासरच्या माणसांपेक्षा ओल्या मासळीचीच आठवण जास्त यायची, हे त्या स्वतःच हसून कबूल करतात. तर अशा बाईंनी मागच्या वर्षी मासा खाणं सोडलं.

झालं असं, की रात्रीच्या जेवणात बोयचा काटा त्यांच्या घशात अडकला. शेजारच्या काकू धावत आल्या. ‘कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळा, केळं गिळा,’ असं सगळं झालं. काटा खाली गेला नाहीच, उलट जास्त रुतला. रात्रभर त्या उशाशी तांब्या घेऊन बसून होत्या. सकाळी घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने दोन मिनिटांत काढला आणि आम्हालाच बोल लावले. मैत्रिणींनो, हे मात्र लक्षात ठेवा: काटा अडकला तर भाताचे गोळे आणि केळी गिळायला लावू नका, बोटं घालून ओकारीही काढू नका. काटा आणखी खोल जातो. सरळ डॉक्टर गाठावा.

काटा गेला, भीती राहिली. त्या आमच्यासाठी कालवण करायच्या, मीठ-आंबट बोटावर घेऊन बघायच्या आणि स्वतः मात्र वरणभात घेऊन आधीच जेवून घ्यायच्या. ‘मला आता नकोसं वाटतं गं,’ एवढंच. मला ते बघवेना. पंगतीतून उठवल्यासारखं वाटायचं.

तेव्हा मनात आलं, की काटा काढलेला पांढरा मासा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळावा. हॉटेलात मिळतो तसा. परदेशात मुलांना मासा खायला घालायची हीच युक्ती आहे. इंग्लंडात 1955 साली अशा चुऱ्यात घोळवलेल्या माशाच्या कांड्या बाजारात आल्या आणि तिकडच्या आया सुटल्या. त्या कांड्या कॉडच्या. आपल्याकडे कॉड नाही, पण रावस आहे, घोळ आहे आणि आमच्या रायगडचा जिताडा आहे. काय कमी आहे?

पहिला प्रयोग साफ फसला, तो आधी सांगते. मी बासा आणला. हा मासा मूळ व्हिएतनामकडचा, आता आंध्रच्या तळ्यांतही वाढवतात. गोठवलेला, काटा-कातडी काढलेला पाकिटात मिळतो. शाळेतून दुपारी एकला सुटले, घरी येऊन पाकीट पाण्यात टाकलं, तासाभरात तुकडे मोकळे झाले म्हणून खूश झाले. हळद-तिखट-आलं-लसणाचं वाटण चोपडलं, वर लिंबू पिळलं, बेकरीतले टोस्ट मिक्सरवर फिरवून त्यात घोळवले आणि तेलात सोडले. पाहते तो कवच तेलात तरंगतंय आणि मासा नागडा झाऱ्यावर! चुरा काळा, मासा आत पांढुरका लगदा. आमच्या ह्यांनी मुकाट्याने खाल्ला, आणि मुकाट्याने खाल्ला म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. सासूबाईंना मी ते ताट दाखवलंही नाही.

मग एकेक चूक शोधत बसले.

पहिला शत्रू पाणी. गोठवलेल्या माशावर बर्फाचा थर चढवलेला असतो, तो वितळला की वजनही घटतं. म्हणून पाकिटावरचं निव्वळ वजन वाचूनच घ्यावा. मासा पाण्यात न टाकता आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवून सोडवावा, म्हणजे पाणी खाली निथळतं. मग दोन्ही बाजूंनी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावा. सुटलेलं पाणी धुतलेल्या सुती फडक्याने दाबून-दाबून टिपून घ्यावं. पुसण्यात कंजूषपणा केलात तर आतल्या पाण्याची तेलात वाफ होते, ती वाफ कवचाला ढकलून देते आणि माझ्यासारखी फजिती होते.

दुसरी चूक लिंबाची. लिंबाच्या आंबटाने मासा न शिजवताच शिजल्यासारखा पांढरा पडतो आणि जास्त वेळ राहिला तर भुसभुशीत होतो. लिंबू ताटात, खाताना. वाटणही माशाला चोपडू नये, कारण तेही ओलंच. पण मसाला नसलेला मासा आपल्याकडे कोण खाणार? त्यावर तोड अशी, की हिरवी मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर अगदी गंधासारखं बारीक वाटून ते अंड्यात मिसळावं. चव कवचात उतरते, मासा कोरडाच राहतो. ही युक्ती माझी स्वतःची आहे, म्हणून जरा मिरवते.

तिसरी चूक टोस्टची. बेकरीचे टोस्ट गोड असतात आणि साखर तेलात भराभर काळी पडते. साधा लादीपाव घ्यावा, आदल्या दिवशीचा. कुस्करून उन्हात वाळवावा. आमच्याकडे पावसाळ्यात ऊन कुठलं, तेव्हा मंद गॅसवर तव्यात परतून कोरडा करावा, तांबूस होऊ देऊ नये. गार झाल्यावर मिक्सर एक-दोनदाच फिरवावा. पीठ झालं तर कवच टणक होतं. रव्यापेक्षा जाडसर हवा.

आता तांदळाच्या पिठाची गोष्ट. पुस्तकांत पहिला हात मैद्याचा सांगतात. मी मैदा काढला तर सासूबाई ओट्याशी येऊन म्हणाल्या, ‘मैदा कशाला? मासळीला तांदळाचंच पीठ.’ मला वाटलं, जुन्या माणसांचा हट्ट. आपलं गाव तर भाताचं. इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जातींना कर्जतचंच नाव आहे. डबा भरलेला होता, म्हणून अर्ध्या तुकड्यांना मैदा आणि अर्ध्यांना तांदळाचं पीठ लावून पाहिलं. बाई जिंकल्या! मैद्याला चिकटा असतो, तो ओला झाला की चिवट होतो. तांदळाच्या पिठात तो नसतो, म्हणून थर पातळ आणि खुसखुशीत राहतो. तेव्हापासून मैद्याचा डबा फळीवर मागे गेला.

मासा कुठला घ्यावा? बासा स्वस्त आणि बिनकाट्याचा, पण त्याला चव बेताची, आणि काही दुकानांत तोच रावस म्हणून गळ्यात मारतात. मी एकदा फसले आहे. अख्खा मासा डोळ्यांदेखत कापून घेतला की ही भानगड राहत नाही. पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्याला चुऱ्यात बुडवणं मला तरी जिवावर येतं. त्याची भावही तसाच आणि साजही वेगळा. रोहू-कटला तलावातले ताजे मिळाले तरी या पदार्थाला नकोत. त्यांच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटे बारीक काटे असतात, ते घरी निघत नाहीत. काट्याला भ्यालेल्या माणसापुढे तर मुळीच ठेवू नयेत.

माझ्या शाळेतल्या एक बाई पेणच्या. त्यांनी एका सोमवारी खाडीकडच्या तळ्यातला सव्वा किलोचा जिताडा आणून दिला. पेण-अलिबागकडे जिताड्याचं कौतुक किती, ते मी सांगायला नको. बाजारातल्या मावशींकडून पाठीच्या काट्यालगत दोन्ही बाजूंचं मांस सोडवून घेतलं, कातडीही काढून घेतली. सव्वा किलोतून अर्ध्या किलोच्या आसपासच मांस हाती येतं, तेव्हा हिशोब आधीच करावा. डोकं आणि मधला काटा टाकू देऊ नका, पिशवीत मागून घ्या. घरी आल्यावर तुकड्यावरून बोट फिरवायचं, राहिलेला काटा टोचतो, तो चिमट्याने तिरका ओढायचा. मी हे तीनदा केलं. चौथ्यांदा सासूबाईंना करायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एकेक तुकडा उजेडात धरून तपासला, एक केसासारखा काटा काढलाच, आणि काही न बोलता तो बशीच्या कडेला ठेवला.

अर्धा किलो तुकड्यांना लागतं ते असं: तांदळाचं पीठ पाऊण वाटी, त्यात पाव चमचा मिरपूड, दोन अंडी, त्यांत वर सांगितलेलं वाटण दोन चमचे आणि चिमूट मीठ, पावाचा चुरा दोन वाट्या. तुकडे बोटभर जाडीचे, सगळे सारखे, नाहीतर पातळ करपतात नि जाड कच्चे राहतात. पीठ लावून झटकावा, अंड्यात बुडवून निथळू द्यावा, चुऱ्यात ठेवून तळव्याने हलकेच दाबावा. एक हात कोरड्याला आणि एक हात ओल्याला ठेवलात तर बोटांची भजी होत नाहीत. घोळवलेले तुकडे ताटात सुटे मांडून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत, थर घट्ट धरतो.

पसरट कढईत तुकडा अर्धा बुडेल इतकं शेंगदाण्याचं तेल. चुऱ्याचा कण टाकून पाहावा: लगेच वर येऊन फसफसला की तेल तयार, तळाशी बसला तर थांबा, टाकताक्षणी काळा पडला तर गॅस कमी करा. एका वेळी दोन-तीनच तुकडे सोडावेत. जास्त टाकले की तेल थंड होतं आणि कवच तेल पितं. एका बाजूला दोन-तीन मिनिटं, एकदाच उलटावेत. काढून कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावेत. कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते. याच कारणाने डब्यातही देऊ नयेत. ह्यांच्या डब्यात मी एकदा दिले, लोकलमध्ये दोन तास झाकणाखाली राहून त्यांचा शिरा झाला.

त्या सोमवारी रात्री चौघांची ताटं एकत्र वाढली. मी सासूबाईंच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी तुकडा मोडला, बोटांनी चुरला, परत चुरला, मग अगदी लहानसा घास घेतला. धाकट्याने विचारलं, ‘आजी, काटा आहे?’ त्यांनी मान हलवली आणि दुसरा घास घेतला. दोन तुकडे संपले. ‘मीठ जरा कमी पडलंय,’ म्हणाल्या. पडलंच होतं.

हात धुऊन आल्यावर त्यांनी फ्रीज उघडला आणि मला विचारलं, ‘डोकं कुठे ठेवलंस?’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधीच ओट्यावर खोबरं वाटलेलं होतं. कालवणाचा रस्सा त्यांनी गाळून, वाटीभर, भातावर घेतला.