वीस चिठ्ठ्या आणि एक डबा

मैत्रिणींनो, दहा घरी मेंढीकोट खेळायला बसा, हुकूम दहा तऱ्हांनी ठरेल. कुणाकडे बंद हुकूम, कुणाकडे कट हुकूम. आणि वाद रंगला की "आमच्याकडे अस्संच खेळतात" हे ठेवणीतलं वाक्य आहेच! आज ज्या खेळांबद्दल लिहितेय, त्यांना असे घरचे नियम लावल्याशिवाय गोडीच येत नाही.

त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपली भातुकली मोठी झाली आणि तिच्यात फासे आले, असं समजा. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो: पूल मोडलाय, पलीकडे दिवा दिसतोय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. शेवटी कुणी एक जिंकत नाही, त्यामुळे रुसवेफुगवे कमी.

यातला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याची मुख्य पुस्तकं तीन: खेळाडूंचं, सूत्रधाराचं आणि राक्षसांचं. चांगली जाडजूड आहेत. माझं ऐकाल तर आधी विकत घेऊच नका. सुरुवातीपुरते नियम कंपनी फुकट देते. खेळ देखणा आहे, पण हिशेब फार. एक लढाई सुरू झाली की दुपारचा चहा संध्याकाळवर जातो.

नवख्यांनी 'हनी हाइस्ट' घ्यावा. ग्रँट हॉविट यांचा हा २०१७ सालचा खेळ अख्खा एका पानात मावतो. सगळे खेळाडू अस्वलं, आणि निघालेत मध चोरायला! प्रत्येकाजवळ दोनच आकडे, अस्वलपणा ३ आणि चोरपणा ३. आपला साधा सहाचा फासा टाकायचा. आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं की काम फत्ते. बेत फसला की चोरपणातला एक गुण अस्वलपणात जातो, साधला की उलट. अस्वलपणा ६ झाला की डोकं फिरून अस्वल कायमचं हातचं जातं; चोरपणा ६ झाला की ते साथीदारांनाच दगा देतं. तासाभरात हसून हसून पुरेवाट. (मुलांना चोरी शिकवता का, असं कुणी विचारलंच, तर लोणी चोरणाऱ्याची गाणी आपण पाळण्यापासून म्हणतोय, असं सांगा.)

आता नियमांकडे येऊ. 'डन्जन्स'ला वीस पैलूंचा फासा लागतो. तो नसला तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा नि लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत किंवा डब्यात टाका. काढलेली चिठ्ठी परत टाकलीत तर फाशासारखंच झालं. पण प्रत्येकाला वेगळा डबा देऊन चिठ्ठी बाहेरच ठेवलीत तर? मग वाईट आकडे निघून गेले की चांगले डब्यात उरलेत, हे नक्की. सारखं हरून रडवेल्या होणाऱ्या मुलांसाठी मी हीच पद्धत ठेवलीय.

२०१४ च्या आवृत्तीतला एक नियम मात्र जसाच्या तसा ठेवा. परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. सरासरी साडेदहावरून पावणेचौदाच्या जरा वर जाते, आणि बेरीज-वजाबाकीची कटकट नाही.

उलट, १ पडला की तलवार मोडली, हा बऱ्याच ठिकाणचा घरचा नियम मला मुळीच पटत नाही. मूळ नियमात लढताना १ पडला तर वार फुकट जातो, एवढंच. निष्णात योद्ध्याला एका पाळीत चार वार मिळतात; म्हणजे त्याच्या हातून तलवार मोडायची पाळी शेकडा अठराच्या वर, आणि एकच वार करणाऱ्या शिकाऊची फक्त पाच. जी रोज ढीगभर पोळ्या लाटते तिचंच लाटणं मोडायचं, हा कुठला न्याय?

आमच्या घरी खरी अडचण फाशांची नव्हतीच. पुतण्या चौदाचा, तोंडाचा पट्टा चालू. धाकटी पाचवीत; तिची पाळी आली की तोच म्हणे, "तू मागे थांब, मी बघतो." दोन रविवार ती मागेच थांबली. तिसऱ्या रविवारी मी कागदावर लिहून ठेवलं: बोलायला सुरुवात सगळ्यांत लहानाने करायची, दुसऱ्याच्या पात्राला सल्ला दिला तर आपली पुढची पाळी गेली. सासूबाईंनी पहिल्याच डावात तीन पाळ्या घालवल्या! धाकटीने मात्र राक्षसाशी लढण्याऐवजी त्याला नाव विचारलं, आणि सगळा डावच निराळ्या वाटेला लागला.

आणखी एक युक्ती जॉन स्टाव्ह्रोपोलस यांची. मध्ये फुली काढलेला पत्ता ठेवायचा. एखादा प्रसंग नकोसा वाटला की त्याला बोट लावायचं. तो प्रसंग तिथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. आम्ही त्यासाठी जोकर ठेवतो. वडीलधाऱ्यांसमोर "हे नको" म्हणणं आपल्याकडे किती जणींना जमतं, सांगा? एकदा पुतण्याने गोष्टीत पूर आणला, गाव बुडवायला घेतलं, आणि शेजारच्या वहिनींनी अलगद जोकरवर बोट ठेवलं. त्यांचं माहेर सांगलीचं. २०१९ च्या पुरात घर गेलं होतं. कुणी काही बोललं नाही. पुतण्यानेच सूत्रधाराला सांगितलं, "काकू, पाऊस थांबव." पुढे वहिनींनी त्याच गावात चहाची टपरी टाकली आणि डाव साडेनऊपर्यंत चालला.

सूत्रधार दर खेपेला बदला बरं का. नाहीतर गोष्ट तुम्हीच सांगायची, भांडणं तुम्हीच सोडवायची आणि चहाही तुम्हीच टाकायचा. चहाला कोण उठणार, यासाठी आमच्याकडे वेगळी चिठ्ठी निघते. गेल्या रविवारी ह्यांची निघाली. साखर जास्त झाली होती, पण सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.