विक्रेत्याने आपल्या नावाने बोलावे

चतुर्थी सरली की गोमंतकात सार्वजनिक मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. देवळांच्या प्राकारांत जत्रांची नाटके उभी राहतात, वाचनालयांतून व्याख्यानमाला होतात, गावोगावच्या संस्था आपल्या स्मरणिका काढतात. माणसे जेथे जमतात तेथे विकणाराही येतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. वावगे घडते ते पुढे. नाटकाच्या दोन अंकांमध्ये पडदा पडतो आणि कोणा सद्गृहस्थाच्या सत्काराचे निमित्त होऊन ध्वनिक्षेपकावरून त्याच्या भूखंडांची महती सुरू होते. मधुमेहावरील व्याख्यान म्हणून बोलावलेल्या वृद्ध मंडळींना अर्ध्या तासाने कळते की वक्ता एका चूर्णाचा विक्रेता आहे. स्मरणिकेतील घरबांधणीवरचा ‘लेख’ वाचकाला शेवटच्या परिच्छेदात एका इमारत-प्रकल्पाच्या दारात नेऊन सोडतो. हे प्रकार आता इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. म्हणूनच त्यांविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

प्रश्न साधा आहे. वेगळ्या हेतूने जमलेल्या लोकांसमोर आपला माल मांडण्याची मुभा विक्रेत्याला असावी काय, आणि असल्यास कोणत्या नियमाने? आमचे उत्तर असे की मुभा अवश्य असावी. परंतु विक्रेत्याने आपल्या नावाने, नेमून दिलेल्या जागी आणि खरे तेवढेच बोलावे. हा नियम राखण्याची जबाबदारी व्यासपीठ ज्याच्या हाती आहे त्याची आहे. ती त्याला देणगीच्या पावतीबरोबर दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही.

व्यापार आणि लोकजीवन यांत आपल्याकडे कधी वैर नव्हते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा जितका विक्रीचा तितकाच गाठीभेटींचा. वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहाचे उदाहरण घ्या. देवळात चोवीस तास अखंड भजन चालते आणि बाहेर रस्त्याच्या दुतर्फा फेरी भरते. खाजे, खेळणी, बांगड्या, भांडी यांची आरोळी देऊन विक्री होते, आणि दर्शन घेऊन निघालेला भाविक खाज्याची पुडी घेतल्याशिवाय घरी जात नाही. फेरीने भजनाचे काही बिघडत नाही व भजनाने फेरीचे नुकसान होत नाही, कारण दोघांची जागा ठरलेली आहे. फेरीतला दुकानदार टाळ हाती घेऊन भजनात शिरला आणि अभंगाच्या मध्येच आपल्या मालाचे भाव सांगू लागला, तर त्याला कोणी क्षणभर तरी उभे राहू देईल काय? जी मर्यादा भजनात आपल्याला शिकवावी लागत नाही, ती नाटकात, व्याख्यानात आणि छापील पानावर मात्र आपण सहज विसरतो.

छापील पानाविषयी बोलण्याचे दायित्व आमच्यावर अधिक आहे, कारण या दोषाची सर्वांत मोठी उदाहरणे वृत्तपत्रसृष्टीनेच दाखविली आहेत. जाहिरात ही वृत्तपत्राला नवी नाही. लंडनच्या ‘टाइम्स’चे पहिले पान १९६६ पर्यंत जाहिरातींनीच भरलेले असे, आणि मद्रासच्या ‘हिंदू’ने पहिल्या पानावर बातम्या घेण्यास प्रारंभ केला तो १९५८ साली. तरीही त्या पत्रांची विश्वासार्हता त्यामुळे उणावली नाही. वाचकाला ठाऊक असे की हे जाहिरातींचे पान आहे. तो ते उलटून आत जाई. जाहिरात किती जागा व्यापते याला म्हणूनच दुय्यम महत्त्व आहे. ती बातमीच्या वेषात आली की वाचकाची फसवणूक सुरू होते.

ती फसवणूक कोणत्या थराला जाऊ शकते हे २००९ च्या निवडणुकांत दिसले. उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापण्याचा प्रकार महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उघडकीस आला. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकच मजकूर शब्दशः प्रसिद्ध झालेला आढळला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या उपसमितीने २०१० साली सविस्तर अहवाल दिला. तो समग्र स्वरूपात लोकांसमोर ठेवण्यास परिषदेने टाळाटाळ केली आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली तो प्रकट झाला. जाहिरात ही बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि जाहिरातींसह अंकातील सर्व मजकुराला संपादक उत्तरदायी आहे, असे त्याच परिषदेच्या आचारसंहितेत नमूद आहे. म्हणजे नियमाचा अभाव नव्हता. तो पाळण्याची इच्छा नव्हती.

यात नेमके काय विकले गेले, याचा विचार केला पाहिजे. पानावरची जागा वृत्तपत्राच्या मालकीची असते. ती विकण्याचा त्याला हक्क आहे. पण वाचक बातमीवर जो विश्वास ठेवतो तो वाचकाचा असतो. वृत्तपत्राकडे ती ठेव असते. तीच गोष्ट उत्सव समितीची. रंगमंच तिचा, पडदा तिचा, ध्वनिक्षेपकही तिचाच. परंतु ‘देवळाच्या समितीने आणलेला माणूस आहे, तो खोटे कशाला बोलेल?’ असे समोर बसलेल्या म्हातारीला वाटते, तो भाव समितीच्या मालकीचा नव्हे. चतुर विक्रेता नेमके त्याचेच मोल देत असतो. दुसऱ्याची ठेव परस्पर विकणाऱ्याला व्यवहारात आपण काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे.

कायदा या बाबतीत मुका आहे, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा इत्यादी व्याधी त्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात लोकांत करण्यास त्याने मनाई केली आहे. या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत छापील पत्रकाबरोबर तोंडी केलेली घोषणाही येते. शिवाय मनाई केवळ विक्रेत्याला नाही. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणाऱ्याला ती आहे. चूर्णविक्रेत्याच्या हाती ध्वनिक्षेपक देणाऱ्या मंडळींनी हे शब्द एकदा सावकाश वाचावेत.

जमिनीच्या बाबतीत तर गोमंतकीयांनी विशेष सावध राहावयास हवे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, लहान प्रकल्पांचा अपवाद सोडता, प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याखेरीज प्रकल्पाची जाहिरातदेखील करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक ठळकपणे द्यावा लागतो आणि तीतील खोट्या विधानावर विसंबून ज्याने पैसे गुंतविले त्याला भरपाई मागण्याचा अधिकार आहे. हिरवीगार शेते, दूरवर समुद्राची रेघ आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक, एवढ्यावर ज्यांची जाहिरात संपते त्यांना नोंदणी क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. गावच्या जत्रेत त्यांच्यासाठी जागा देणाऱ्या समितीने तो ग्राहकाच्याही आधी विचारावा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक शहाणपणाची अट घातली : दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मराठीत मोठ्या अक्षरांत आश्वासन आणि तळाशी इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचा इन्कार, ही चलाखी त्यामुळे नियमबाह्य ठरली. एखादी प्रसिद्ध व्यक्ती वस्तूची वाखाणणी करीत असेल तर तिला मिळालेला मोबदला तिने उघड केला पाहिजे, असे ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ साली स्पष्ट केले. आणि मोबदला म्हणजे केवळ रोकड नव्हे, फुकट वस्तू, प्रवास आणि हॉटेलातील मुक्कामही त्यात आले. पर्यटनावर चालणाऱ्या आपल्या प्रदेशाला या शेवटच्या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका औषधी कंपनीला विचारले की, वृत्तपत्रांतील तुमचे क्षमापत्र तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढे मोठे होते काय? आमच्या मते त्या एका प्रश्नात जाहिरातीचे सारे नीतिशास्त्र सामावले आहे. जेवढ्या मोठ्या आवाजात सांगितले, तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर देण्याची तयारी हवी.

परंतु प्रत्येक मांडावर आणि प्रत्येक सभागृहात कायद्याचा अंमलदार उभा राहू शकत नाही, आणि राहूही नये. तेथे संस्थेचा स्वतःचा नियम हवा. तो फार मोठा असण्याचे कारण नाही. बोलणाऱ्याने प्रारंभीच आपण कोण, कोणाचे आणि काय विकण्यास आलो हे सांगावे. निवडणुकीच्या साध्या पत्रकावरही मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापणे १९५१ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मग चूर्णाला आणि भूखंडाला नाव सांगण्याची लाज का वाटावी? घोषणेला वेळ नेमून द्यावा आणि ती एकदाच व्हावी. दूरचित्रवाणीलाही ताशी बारा मिनिटांची मर्यादा केबल वाहिन्यांच्या नियमांत घातलेली आहे. जमलेल्या लोकांच्या हेतूशी तिचा काही संबंध असावा : ग्रंथप्रदर्शनात नव्या पुस्तकाची घोषणा शोभते, तेथे गाद्यांची शोभत नाही. वस्तूविषयी जे सिद्ध करता येईल तेच सांगावे. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाला शेतकऱ्याच्या श्रमाने किंमत आली आहे, आणि घाटावरची कोणतीही तांबडी मिरची त्या नावाने पुकारणे ही त्या शेतकऱ्याची चोरी आहे. शेवटचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : ज्याने घोषणा केली त्याने प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी तेथे थांबावे. सांगून निघून जाणाऱ्याला पुन्हा ध्वनिक्षेपक देऊ नये.

यावर पहिला आक्षेप समित्यांचे खजिनदार घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नाटकाचा, मंडपाचा, रोषणाईचा खर्च दरवर्षी वाढतो आणि गावची वर्गणी त्याला पुरत नाही. देणगीदार नकोत तर उत्सव कसा करावा? आमचे म्हणणे देणगीदार नकोत असे मुळीच नाही. त्याचे नाव फलकावर लिहावे, स्मरणिकेत ‘जाहिरात’ असा शब्द छापून त्याला पान द्यावे, आणि व्यासपीठावरून एकदा आभारही मानावेत. देणगी घेऊन दिवा लावावा; वक्त्याचे तोंड तेवढे भाड्याने देऊ नये.

दुसरा आक्षेप लहान उत्पादकांच्या कळवळ्याने घेतला जातो. घरी आमसुले, लोणची, पापड करून विकणाऱ्या भगिनींनी आपला माल कोणाला सांगावा? वस्तुतः आजची बेशिस्त त्यांनाच अधिक भोवते. नियम नसतो तेथे पडद्यावरची जागा मोठ्या थैलीला मिळते आणि या भगिनींना देवळाच्या पायरीच्या कडेला बसावे लागते. प्रत्येकाला सारखी दोन मिनिटे, सारख्या मापाचा फलक आणि चिठ्ठीने ठरलेला क्रम, असा नियम असेल तर लोणचेवालीची पाळी इमारतवाल्याच्या आधी येऊ शकते. नियमाचा आधार दुर्बळालाच लागतो. बलवान त्याच्यावाचूनही आपली सोय पाहून घेतो.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे. कोणी काय बोलावे हे ठरविणारे तुम्ही कोण, ही मुस्कटदाबीच नव्हे काय, असे विचारले जाईल. हा प्रश्न गोमंतकात विचारला जातो तेव्हा त्याला इतिहासाची धार असते. सालाझारच्या राजवटीत येथे छापला जाणारा मजकूर आधी सेन्सॉरच्या हाताखालून जात असे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नव्हत्या. ज्या भूमीने १९६१ पर्यंत हे सोसले तिने बंधन या शब्दाकडे संशयाने पाहावे हे योग्यच आहे. म्हणूनच फरक नीट समजून घेतला पाहिजे. सेन्सॉर आपले नियम सांगत नसे, कारणे देत नसे, आणि सत्तेला जे गैरसोयीचे तेच तो खोडीत असे. आम्ही सुचवितो तो नियम आधी लिहून लावलेला असेल, सर्वांस सारखा असेल, नकार देताना त्याचे कारण सांगणारा असेल आणि प्रत्यक्ष समितीच्या अध्यक्षाच्या मेहुण्यालाही लागू असेल. विक्रेत्याचे मत तो दाबीत नाही. त्याला नाव सांगावयास लावतो, इतकेच. सेन्सॉरने माणसाचे तोंड बंद केले होते. येथे आपण मुखवटा काढावयास सांगत आहोत.

अर्थात, ज्या दिवशी एखादी समिती या नियमाचा उपयोग आपल्याशी न पटणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी करील, त्या दिवशी ती त्याच जुन्या वाटेने चालू लागली असे समजावे. नियम राखणाऱ्यावरही पाहारा हवा, आणि तो लोकांनीच ठेवला पाहिजे.

येत्या हंगामात निदान काही संस्थांनी असा अर्ध्या पानाचा नियम लिहून आपल्या सूचनाफलकावर लावावा, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि प्रेक्षकांनीही स्वस्थ बसू नये. व्यासपीठावरून कोणी वस्तूचे गोडवे गाऊ लागला तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत : आपण कोणाकडून बोलता, आणि याचे पैसे कोणी दिले? प्रामाणिक व्यापाऱ्याला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. आपले नाव आणि आपला माल लोकांच्या लक्षात राहावा, म्हणूनच तर तो आलेला असतो.