भिंत आपली, पण कॉलम सगळ्यांचा

हिंगोली : लेकरांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी जिल्ह्यातली अनेक कुटुंबं गाव सोडून शहरात फ्लॅट घेताहेत. ताबा मिळाला की तोडफोड सुरू होते. भिंत पाडून हॉल मोठा करायचा, गॅलरी बंद करून खोली काढायची. ‘पैसे आमचे, घर आमचं’ असं म्हटलं जातं. पण गावातलं घर आणि फ्लॅट यात मोठा फरक आहे.

फ्लॅटमधला कॉलम आणि बीम एका मालकाचा नसतो. वरच्या सगळ्या मजल्यांचा भार त्यावरून पायात उतरतो. खाली कुणी कॉलम छाटला की धोका वरच्याला. गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवली तर पाण्याचंच वजन दहा क्विंटल होतं.

मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण सुरू होतं. त्यात कॉलमला हात लावल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत पडून ६१ जणांचा जीव गेला. तिथंही तळमजल्यावरच्या विनापरवाना बदलांवर बोट ठेवलं गेलं.

मुंबई लांब आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला जमिनीतले आवाज नवीन नाहीत. जिथं जमीनच हलते, तिथं छाटलेला कॉलम किती तग धरणार?

कायदाही स्पष्ट आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यानुसार इमारतीच्या सुरक्षिततेला धोका होईल असं काम फ्लॅटमालकाला करता येत नाही. सोसायटी असेल तर बदलाआधी समितीची लेखी परवानगी लागते. विनापरवाना बांधकामावर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस, पाडकाम आणि शिक्षाही होऊ शकते.

अडचण अशी की शेजारी बोलत नाही. वाईटपणा कोण घेणार? पण खालच्या मजल्यावर ब्रेकर वाजू लागला तर गप्प बसू नका. परवानगीचा कागद मागा, नसेल तर सोसायटीला आणि नगरपरिषदेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रंग, फरशी खुशाल बदला. भिंतीला हात लावण्याआधी मिस्त्रीला नव्हे, इंजिनिअरला विचारा.