साडेसहावाल्यांनी जायचे कुठे?

सीजीपीए साडेसहा-सातच्या घरात असेल तर एम.टेक.चा नाद सोडावा, असे अंतिम वर्षाच्या मुलांना सांगणारे एक प्राध्यापक आहेत. त्यांचे म्हणणे असे: चार वर्षे ज्याने टाळाटाळ केली, तो तीन तासांच्या गेटच्या जोरावर आयआयटी-एनआयटीत घुसतो, हुशार मुलाची जागा अडवतो आणि वर्गाची पातळी घसरवतो. हे मत मला चुकीचेच नव्हे, अन्यायाचे वाटते.

गुणपत्रिकेवर त्यांचा एवढा विश्वास कशामुळे? स्वायत्त महाविद्यालयात शिकवणारेच पेपर काढतात आणि तपासतात. संलग्न महाविद्यालयातल्या मुलाची सत्रान्त परीक्षा विद्यापीठ घेते. सीजीपीएची टक्केवारी काढायचे सूत्रही सगळ्या विद्यापीठांचे एक नाही. मग इथला साडेआठ आणि तिथला पावणेसात कोणत्या तराजूत तोलणार? त्या आकड्यात जर्नल वेळेवर दिल्याचे, सबमिशन उतरवून काढल्याचे, ओरलला परीक्षकाची मर्जी राखल्याचे गुणही मिसळलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले सत्र इंग्रजी व्याख्यान समजून घेण्यातच जाते. गणिताची केटी लागते, ती जेमतेम गुणांनी सुटते. तिसऱ्या वर्षी तोच मुलगा वर्गाला कंट्रोल सिस्टिम्स समजावून सांगत असतो, पण पहिल्या वर्षाने ओढलेली सरासरी आठव्या सत्रापर्यंत त्याच्या मानगुटीवर बसलेली असते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनाही असेच ‘मागच्या दाराने आलेले’ म्हटले जायचे. यंत्रशाळेत त्यांचेच हात सर्वांत सफाईने चालत, हे म्हणणाऱ्यांनाही दिसत होते.

‘तीन तासांची परीक्षा’ म्हणून हिणवतात ती गेट देशभर एकाच मापाने तपासली जाते. 65 प्रश्न, 100 गुण, अख्ख्या पदवीचा अभ्यासक्रम एका बैठकीत. बहुपर्यायी प्रश्न चुकला की गुण कापले जातात. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः काढून भरावा लागतो. तिथे मर्जी चालत नाही.

जागा अडवण्याचा आरोप तर टिकतच नाही. एनआयटींच्या सीसीएमटी प्रवेशात खुल्या गटाला 6.5 सीजीपीए किंवा 60 टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 6.0 किंवा 55 टक्के एवढी अट आहे. ती पार केली की क्रम गेटच्या गुणांवर लागतो. नियमाने उघडलेले दार या प्राध्यापकांनी कोणत्या अधिकारात लावून घ्यावे?

पातळी घसरते म्हणणाऱ्यांनी एम.टेक.च्या पहिल्या सत्राचे निकाल पाहावेत आणि मग बोलावे.

साडेसहावाल्यांनो, अटीच्या खाली असाल तर उरलेल्या सत्रांत आधी ती गाठा, कारण तिथे गेटचे गुणही कामाला येत नाहीत. अभियांत्रिकी गणित पक्के करा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणू नका. मुलाखत झाली तर त्यावरच खोदून विचारतील. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणून एका वर्षी प्रवेश हुकला तरी वाट संपत नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधीच्या पावसाळ्यात निघतात. कुणी काहीही म्हणो, यंदाचा अर्ज भरा.