आस्क्याची वाट

आइसलँडची सहल म्हटली की बहुतेक यात्रा कंपन्या किनाऱ्याजवळचे धबधबे दाखवून प्रवाशांना परत आणतात. आस्क्या हा ज्वालामुखी मात्र बेटाच्या अंतर्भागात, मनुष्यवस्तीपासून दूर आहे. तेथे जाणारी वाट उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच खुली असते. उरलेले वर्ष ती बर्फाच्या स्वाधीन.

मीवात्न सरोवराच्या पूर्वेस मुख्य रस्ता सोडला की एफ-८८ क्रमांकाची ही कच्ची वाट दक्षिणेकडे वळते. ज्वालामुखीच्या पायथ्यापर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर; पण त्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. चारही चाकांना जोर देणारी गाडीच येथे नेता येते, असा कायदा आहे. वाटेत पेट्रोल नाही, दुकान नाही. टाकी भरून आणि खाखरे, दशम्या बरोबर घेऊनच निघावे. दोन प्रवाहांवर पूल नाहीत, गाडी पाण्यातूनच न्यावी लागते. आपणा व्यापारी मंडळींना सांगावयास नको, तरीही सांगतो: गाडीच्या भाडेकराराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. प्रवाहात इंजिनात पाणी शिरले, तर ते नुकसान विमा सहसा भरून देत नाही.

मग सुरू होते ते ओदाउदाहरॉइन, म्हणजे ‘दुष्कृत्यांचे लाव्हाक्षेत्र’. चार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी काळी, खडबडीत आणि निःशब्द. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण त्याला सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली, त्यावर माती जमली, रान वाढले. येथे ते कार्य नुकते आरंभले आहे. डाव्या-उजव्या हाताचे भान विसरावे इतक्या एकसारख्या त्या काळिम्यात सपाट माथ्याचा हेर्दुब्रेइद पर्वत, उंची १६८२ मीटर, तासन् तास सोबत करतो. त्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी हिरवीगार झालेली एक जागा आहे. अठराव्या शतकात एका परागंदा गुन्हेगाराने तेथे एक हिवाळा काढला, असे सांगतात.

हा प्रदेश चंद्रासारखा भासतो म्हणून १९६५ व १९६७ साली अमेरिकेच्या अंतराळवीरांना येथे भूशास्त्राच्या अभ्यासासाठी आणले होते. नेमका हाच भास घातक ठरतो. जेथे काहीच जिवंत दिसत नाही, तेथे गाडी वाटेबाहेर चार हात नेली तर बिघडले काय, असे प्रवाशाला वाटते. परंतु येथील उन्हाळा अल्प, मातीचा थर पातळ. शेवाळ आणि रोपे अतिशय मंद गतीने वाढतात. चाकाने उमटलेला ओरखडा दशकानुदशके बुजत नाही, उलट वारा आणि पाणी तो रुंदावतात. म्हणूनच वाट सोडून गाडी चालविणे हा तेथे गुन्हा आहे आणि दंडही जबर आहे. उद्यानाचे रक्षक व स्वयंसेवक हाती दंताळे घेऊन अशा खुणा पुसत असतात. एका छायाचित्राच्या हौसेपायी दुसऱ्याला हे श्रम पडावेत, हे मला तरी अक्षम्य वाटते.

गाडी थांबते तेथून अडीच किलोमीटर चालावे लागते. मग एकाएकी विस्तीर्ण निळे सरोवर दिसते, सुमारे २२० मीटर खोल. १८७५ च्या उद्रेकानंतर भूमी खचून ते निर्माण झाले. त्या वेळी उडालेल्या राखेने पूर्वेकडील शेते व कुरणे झाकली गेली आणि अनेक कुटुंबे देश सोडून अमेरिका खंडात गेली. शेजारीच व्हीती हे लहान विवर असून त्यात दुधी रंगाचे कोमट पाणी आहे.

१९०७ च्या जुलैमध्ये वाल्टर फॉन क्नेबेल हे जर्मन भूशास्त्रज्ञ आणि चित्रकार माक्स रुडलोफ होडीतून या सरोवरात गेले, ते परतले नाहीत. पुढील वर्षी क्नेबेल यांची वाग्दत्त वधू इना फॉन ग्रुमकोव घोड्यावरून हे सारे लाव्हाक्षेत्र तुडवीत शोधासाठी आली. तिला काहीही सापडले नाही. २१ जुलै २०१४ च्या रात्री काठाचा मोठा कडा सरोवरात कोसळला आणि वीस मीटरहून उंच लाटा काठावर चढल्या. सुदैवाने तेव्हा तेथे कोणी नव्हते. २०२१ पासून येथील भूमी पुन्हा फुगू लागली आहे. निघण्यापूर्वी उद्यानाच्या रक्षकांकडे त्या दिवसाची सूचना अवश्य विचारावी.